तीन पूर्णांक नऊ दशांश

सरासरीशी माझं वैर जुनं आहे. निवृत्त होईपर्यंत कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्याच आठवड्यात सांगत आले, की जो नुसती सरासरी सांगतो तो काहीतरी झाकतो. मुद्दाम झाकत असेल किंवा आळसापोटी, पण झाकतो. वर्गातल्या मुलांनी ते किती मनावर घेतलं कोण जाणे. घरातल्यांनी तर अजिबात नाही. माझी भाची बाहेर जेवायला कुठे जायचं हे एका आकड्यावर ठरवते. चारच्या वर असेल तर जायचं, खाली असेल तर ते हॉटेल तिच्या लेखी बांधलेलंच नाही.

आमच्या जवळच्या इटालियन रेस्टॉरंटचा आकडा आहे ३.९.

"अगं मावशी, एवढी चांगली चांगली ठिकाणं सोडून तिथे कशाला?"

"एका दशांशाने नापास केलंस? पेपर तरी वाचलेस का आधी?"

पेपर म्हणजे रिव्ह्यू. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्यावर माणूस काहीही वाचताना तपासायलाच बसतो. कॉपी कशी पकडतात, ठाऊक आहे? बरोबर उत्तरं सारखी असली तर काहीच सिद्ध होत नाही, बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. चूक सारखी असली की पकडायचं. रिव्ह्यूंचंही तसंच. 'जेवण उत्तम, वातावरण छान' हे शंभर जणांनी लिहिलं तरी त्यातून हाती काही लागत नाही. पण तक्रार करणाऱ्या वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या महिन्यांत, नेमकी तीच तक्रार केली असेल तर तिथे थांबून वाचायचं.

आधी मी पट्ट्या पाहिल्या. त्या आकड्याच्या शेजारी पाच आडव्या पट्ट्या असतात, पाच स्टारवाले किती, चारवाले किती, अशा. त्या बहुतेक जण पाहतच नाहीत. इथे पाचची पट्टी लांबलचक, एकची बऱ्यापैकी, आणि मधल्या तिन्ही किरकोळ. हे नवीन नाही. हू, पावलू आणि झांग या तीन संशोधकांनी २००९ साली दाखवलं होतं, की इंटरनेटवरच्या रिव्ह्यूंचा आलेख बहुधा इंग्रजी जे अक्षरासारखा दिसतो. फार खूश झालेला लिहितो, फार चिडलेला लिहितो, 'ठीक होतं' म्हणणारा हात धुऊन घरी जातो. त्याच वस्तूला सगळ्यांना गुण द्यायला लावले, तर मधला फुगवटा परत दिसतो.

भाचीला कागदावर उदाहरण मांडून दाखवलं. दहा जणांपैकी सात जणांनी पाच दिले आणि तिघांनी एक, तर सरासरी ३.८. दहांपैकी आठ जणांनी चार आणि दोघांनी तीन दिले तरी सरासरी ३.८च. पहिल्या हॉटेलात दहांतले तिघे संतापून उठतात, दुसऱ्यात कोणी उठत नाही आणि कोणी हुरळूनही जात नाही. ही दोन हॉटेलं एकसारखी कशी?

"म्हणजे या हॉटेलात तीस टक्के लोक संतापतात, आणि तू मला तिथेच नेतेयस," भाची म्हणाली. हुशार आहे. माझ्याच खानदानातली.

पण ते तीस टक्के कशावर संतापतात ते बघायला हवं ना! एक स्टारवाले सगळे ओळीने वाचून काढले. पार्किंगची तक्रार, गर्दीची तक्रार, कुणाला कोपऱ्यातलं टेबल मिळालं नाही, कुणाच्या वाढदिवसाला मेणबत्ती उशिरा आली. हे बाजूला ठेवलं. (हवेचाही दोष असतो बरं का. अमेरिकेतल्या लाखो रिव्ह्यूंचा एक अभ्यास २०१४ साली झाला, त्यात पावसाच्या, बर्फाच्या किंवा फार कडक हवेच्या दिवशी लिहिलेले गुण कमी भरले होते. बिचाऱ्या आचाऱ्याने त्याला काय करावं?) उरलेल्या तक्रारी पुन्हा पुन्हा तीनच होत्या. पिझ्झा मधोमध ओला आणि कडेला जळलेला. पास्ता कच्चा. कार्बोनारा नावाच्या पास्त्यात क्रीमच नाही.

या तीन तक्रारी वाचून मला तिथे जावंसं वाटायला लागलं.

मग मेन्यूकार्डाचे फोटो उघडले, आणि भानगड काय आहे ते तिथे दिसलं. पहिल्या पानावर चार पिझ्झे, पाच-सहा पास्ते, नावं सगळी इटालियन, खाली बारीक अक्षरात काय काय घातलंय तेवढंच. शेवटच्या पानावर मात्र चीज गार्लिक ब्रेड, चिकन आल्फ्रेडो, क्रीमने भरलेला 'पिंक सॉस', चौपट चीजचा जाड पिझ्झा. दोन पानांची दोन वेगळी हॉटेलं, स्वयंपाकघर एक. फोटो आणि मजकूर जुळवत गेले तसं लक्षात आलं, की पाच स्टारवाल्यांतले पुष्कळ जण शेवटच्या पानावरचं खाऊन गेलेत, आणि एक स्टारवाल्यांतल्या बऱ्याच जणांनी शेवटच्या पानाची अपेक्षा मनात धरून पहिल्या पानावरून ऑर्डर दिली आहे. ३.९ हा या दोन हॉटेलांच्या बेरजेला भागून आलेला आकडा. त्या आकड्याचं जेवण तिथे कुणालाच मिळत नाही.

तेव्हा एका कामाच्या दिवशी दुपारी, दार उघडताच, आम्ही दोघी जाऊन बसलो. वेळ मी मुद्दाम निवडली होती. उशिराच्या आणि गोंधळाच्या तक्रारी जवळजवळ सगळ्या सुटीच्या रात्रीच्या होत्या. त्याच चुली, तेच आचारी, पण रात्री दहा टेबलं एकदम भरतात तेव्हाचं हॉटेल आणि दुपारी दोन टेबलं लागलेली असतात तेव्हाचं हॉटेल, यांना एकच गुण देणं मला पटत नाही. दुपारच्या जेवणाचे रिव्ह्यू वेगळे काढून वाचले तर आकडा चारच्या वर जाईल अशी माझी अटकळ आहे. भाची म्हणाली, हे आधी सांगितलं असतंस तर एवढा वाद झाला नसता.

जागा साधी. भिंतीला ऑलिव्हच्या बागांचे फोटो, खुर्च्या थोड्या अरुंद, टेबल मात्र हलत नव्हतं. (हलणाऱ्या टेबलाला मी एक स्टार कमी करते. कुणी तरी करायला हवा.) भट्टी समोरच दिसते. आम्ही एक मार्गेरिता मधे घेतली, भाचीने कार्बोनारा, मी काचिओ ए पेपे, म्हणजे चीज-मिरीचा पास्ता. सगळं पहिल्या पानावरचं.

पिझ्झा आधी आला. तो भट्टीत गेला तेव्हापासून मी घड्याळ बघत होते, दीड मिनिटाच्या आत बाहेर. नापोलीत, म्हणजे इटलीतल्या नेपल्समध्ये, १९८४ साली पिझ्झेवाल्यांनी आपली एक संघटना काढली आणि खरा नापोली पिझ्झा कसा करायचा याचे नियम लिहून ठेवले. पुढे २०१० साली युरोपीय संघानेही ती पद्धत पारंपरिक म्हणून नोंदवून घेतली, आणि २०१७मध्ये युनेस्कोने तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांची कला आपल्या वारसा यादीत घेतली. त्या नियमांत भट्टीचं तापमान चारशे तीस अंशांच्या वर सांगितलंय आणि वेळ साठ ते नव्वद सेकंद. आता हिशेब करा. एवढ्या वेळात पिठाची कड फुगते, तिच्यावरचे फोड पोळून काळे ठिपके पडतात, पण टोमॅटोतलं आणि ताज्या मोझरेल्लातलं पाणी उडून जायला वेळच मिळत नाही. ते मधोमध राहतं. म्हणजे 'मधे ओला, कडेला जळलेला' ही त्या नियमावलीची अगदी नेटकी समरी झाली. लिहिणाऱ्याने रागाने लिहिली एवढंच. त्याच्या मनात होता तो मंद भट्टीत दहा-बारा मिनिटं भाजलेला, हातात सरळ राहणारा पिझ्झा. तो शेवटच्या पानावर आहे.

तरी मी काट्याने एक तुकडा उलटा करून पाहिला. ठिपके निराळे आणि करपणं निराळं. तळ सगळा काळा असता तर मीही तक्रार केली असती. नव्हता. मधला भाग सुरीने खाल्ला, कड हाताने. भाचीने पहिला घास खाऊन भुवया वर केल्या आणि काही बोलली नाही, म्हणजे मला गुण मिळाले.

पास्त्याचं सांगते. इटलीत १९६७ सालापासून कायदाच आहे, की कोरडा पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच करायचा. या कडक गव्हातलं ग्लुटेन शिजताना जाळ्यासारखं घट्ट धरून राहतं आणि स्टार्च आतल्या आत ठेवतं. बाहेरून शिजला, पण गाभ्यात अजून थोडा ताठपणा आहे, त्या क्षणी तो पाण्यातून काढतात, कारण पुढचं शिजणं सॉसच्या पॅनमध्ये व्हायचं असतं. आणखी तीन-चार मिनिटं ठेवला की जाळी सैल पडते, स्टार्च बाहेर येतो आणि गिचका होतो. ज्याला मऊ पास्त्याची सवय आहे त्याला पहिला प्रकार कच्चा वाटणार, हे मी समजू शकते. त्यात त्याची चूक काहीच नाही. पण इथे मला मालकाचं एक उत्तर आवडलं होतं. 'पास्ता कच्चा, परत पाठवला' असं लिहिणाऱ्याला त्याने एवढंच लिहिलं होतं, की आम्ही तो असाच करतो, पण ऑर्डर देताना सांगितलंत तर जास्त शिजवून देऊ. धन्यवाद नाही, दिलगिरी नाही, इटलीच्या परंपरेवर भाषण नाही. एक स्टारच्या खाली मालक काय लिहितो हे पाच स्टारच्या पन्नास ओळींपेक्षा जास्त कामाचं असतं. जिथे प्रत्येक तक्रारीखाली 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' हेच एक वाक्य चिकटवलेलं असतं, तिथे मी जात नाही.

आता कार्बोनारा. अंडं, पेकोरिनो चीज, मिरी आणि डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, त्याला ग्वांचाले म्हणतात. अंड्याचा सॉस पास्त्याच्या उष्णतेवरच दाटवतात, आचेवर ठेवला तर त्याची बुर्जी होते. आज रोममध्ये क्रीमचं नाव काढलं तर भांडण होईल. पण क्रीम नाही म्हणून रागावणाऱ्यांच्या बरोबरीने दुसऱ्या टोकाचेही लोक होते. एकाने लिहिलं होतं, की तो रोमला जाऊन आलाय आणि आता त्याला हे खाववत नाही. दोन स्टार. अशा माणसाला मी वर्गात पहिल्या बाकावर बसवत असे, म्हणजे मागच्यांना त्रास कमी.

या अस्सलवाल्यांना कुणी सांगावं, की इटलीतल्या 'ला कुचिना इतालियाना' या मासिकात १९५४ साली कार्बोनाराची पाककृती छापून आली, तिच्यात लसूण होता आणि चीज होतं ग्रुयेर, म्हणजे चक्क स्वित्झर्लंडचं. बोलोन्यातल्या लोकांनी आपल्या प्रसिद्ध मांसाच्या सॉसची अधिकृत कृती १९८२ साली तिथल्या व्यापारी मंडळात रीतसर नोंदवून ठेवली आणि २०२३मध्ये तीच बदलून पुन्हा नोंदवली. आणि शेवटच्या पानावरचा आल्फ्रेडो, ज्याला अस्सलवाले नाकं मुरडतात, तोही मुळात रोमचाच. आल्फ्रेडो दि लेलिओ नावाचा हॉटेलवाला नुसतं लोणी आणि पार्मेजान घालून फेत्तुचिने करायचा. हॉलिवूडचे मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स त्याच्याकडे जेवून गेले, त्याला सोन्याचा काटा-चमचा भेट दिला, आणि पदार्थ अमेरिकेत जाऊन क्रीममध्ये बुडाला. तेव्हा खाणाऱ्याने हवं ते खावं. फक्त जे मागितलं तेच आलं आणि आवडलं नाही, तर त्याला 'चूक' म्हणू नये.

भाचीचा कार्बोनारा उत्तम होता. मला एक घास मिळाला, त्यावरून सांगते.

माझा काचिओ ए पेपे मात्र नाही. आणि इथे गंमत अशी, की त्याच्याबद्दल एकच तक्रार होती, जुनी, तीन स्टारची, सगळ्यांच्या तळाशी पडलेली: 'चीजच्या गुठळ्या.' बरोबर होती. पदार्थात तीनच गोष्टी, पास्ता, पेकोरिनो आणि मिरी. सॉस होतो तो चीज आणि पास्ता शिजवलेलं पाणी एकत्र फेटून. त्या पाण्यात पुरेसा स्टार्च नसेल तर चीजमधली प्रथिनं गरम झाल्यावर एकमेकांना चिकटतात आणि सॉसऐवजी रबरी दाणे हाती लागतात. इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी यावर चक्क प्रयोग करून शोधनिबंध लिहिला आणि २०२५ साली त्यांना गमतीच्या इग नोबेलचं भौतिकशास्त्राचं पारितोषिक मिळालं. त्यांचं म्हणणं, चीजच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के स्टार्च असला की सॉस फुटत नाही. माझ्या ताटलीत बाजूने दाणे दिसत होते आणि तळाला पातळ पाणी. चव चांगली, मिरी ताजी भरडलेली, पण सॉस फुटलेला. कार्बोनारा जमणाऱ्या आचाऱ्याला हे का जमू नये, हे कोडं डोक्यात राहिलं.

तिरामिसू खाल्लं. कॉफी कमी होती. पुढे.

बिलाबरोबर एक छोटं कार्ड आलं. त्यावर स्कॅन करायचा चौकोन आणि पाच स्टार छापलेले. वेटर तरुण मुलगा, अतिशय तत्पर. त्याने हळूच सांगितलं, "मॅडम, आवडलं असेल तर रिव्ह्यूत माझं नाव लिहाल का प्लीज?"

माझं दुसरं कोडं तिथल्या तिथे सुटलं. पाच स्टारच्या कितीतरी रिव्ह्यूंत पदार्थाचा उल्लेखच नव्हता. कुणीतरी 'फारच छान अटेंड केलं' एवढंच, आणि पुढे नाव. आधी मला ते सगळे खोटे वाटले होते, सारखी चूक पकडण्याच्या माझ्या नियमाने. खोटे नव्हते. माणसं खरी, जेवण खरं, फक्त उत्तर सांगून लिहवून घेतलेलं. भाची म्हणाली, तिच्या ओळखीत एकाला अशा नावांच्या संख्येवर महिन्याचं बक्षीस मिळतं. म्हणजे आम्ही ज्याला जेवणाचा दर्जा समजून बसलोय त्यात एका मुलाची नोकरीतली धडपड मिसळलेली आहे. त्याच्यावर रागवायला मला जमलं नाही.

खरोखरचे खोटे वेगळेच. मायकेल लुका आणि जॉर्जिओस झर्व्हास या संशोधकांनी बॉस्टनमधल्या हॉटेलांचे येल्प या अमेरिकन रिव्ह्यू-संकेतस्थळावरचे रिव्ह्यू तपासले, तर जवळपास सोळा टक्के संशयास्पद म्हणून येल्पनेच बाजूला काढलेले होते. खोटं लिहवून घेण्याकडे कुणाचा कल जास्त? ज्यांचे रिव्ह्यू थोडे किंवा नुकतेच वाईट आले आहेत, त्या हॉटेलांचा. इटलीत २०१५ साली 'इतालिया आ ताव्होला' या नियतकालिकाने गार्दा सरोवराकाठच्या मोनिगा गावात न उघडलेलं एक रेस्टॉरंट ट्रिपॲडव्हायजरवर नोंदवलं आणि खोट्या रिव्ह्यूंवर ते गावात पहिल्या क्रमांकावर नेऊन दाखवलं. ना चूल, ना टेबल. २०१८ साली लेच्चेच्या न्यायालयाने रिव्ह्यू विकणाऱ्या एकाला नऊ महिन्यांची कैद सुनावली.

एवढा खटाटोप कशासाठी, तर पैशासाठी. याच लुकाने सिअ‍ॅटलमधल्या हॉटेलांचे हिशेब लावून दाखवलं होतं, की एका स्टारने उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढतं, आणि तेही स्वतंत्र हॉटेलांचं. मोठ्या साखळ्यांना फरक पडत नाही, त्यांच्याकडे काय मिळणार हे लोकांना आधीच माहीत असतं. म्हणजे आकड्याचा मार सगळा आमच्या या कोपऱ्यावरच्या हॉटेलासारख्यांना. आणि २०१२ सालच्या एका अभ्यासात तर माझी भाचीच सापडते. येल्प तेव्हा गुण जवळच्या अर्ध्या स्टारपर्यंत पूर्ण करून दाखवायचं, त्यामुळे ३.२४ आणि ३.२६ यांत जेवणाचा फरक शून्य, पण दिसायला एकाला तीन आणि दुसऱ्याला साडेतीन. अँडरसन आणि मॅग्रुडर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत पाहिलं, तर त्या जास्तीच्या अर्ध्या स्टारने संध्याकाळची टेबलं संपूर्ण भरण्याचं प्रमाण एकोणीस टक्केबिंदूंनी वाढलं होतं.

"म्हणजे माझ्यासारखे खूप आहेत," भाचीने यातून एवढाच अर्थ काढला.

या सगळ्या खेळाचा कंटाळा आलेला एक इटालियन हॉटेलवाला मला फार आवडतो. कॅलिफोर्नियातल्या रिचमंडमध्ये बोत्तो बिस्त्रो नावाचं हॉटेल होतं. २०१४ साली त्याने जाहीर केलं, की येल्पवर आम्हाला एक स्टार द्या आणि पिझ्झ्यावर पंचवीस टक्के सवलत घ्या. लोक पोट भरून जेवले आणि आनंदाने शिव्या घालणारे रिव्ह्यू लिहीत सुटले. सरासरी तळाला, हॉटेल भरलेलं. संख्याशास्त्राच्या पहिल्या तासाला हे उदाहरण द्यायला मी तेव्हा नोकरीत असायला हवी होते.

मग रिव्ह्यू लिहावा तरी कसा? माझ्या मते मॅरिलिन हॅगर्टी बाईंसारखा. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्स गावी ऑलिव्ह गार्डन या इटालियन पद्धतीच्या साखळीची शाखा उघडली. गावच्या वर्तमानपत्राच्या स्तंभलेखिका, वय पंचाऐंशी, तिथे दुपारी जेवायला गेल्या, आणि मार्च २०१२मध्ये त्यांनी लिहिलं. चिकन आल्फ्रेडो घेतला, बरोबर सॅलड आणि दोन लांब, गरम ब्रेडस्टिक आल्या. वेटरने सरबत सुचवलं, पण त्या पाणी प्यायल्या. खाता खाता कठड्यावरच्या न सुकणाऱ्या फुलांकडे लक्ष गेलं, तेही लिहिलं. एवढंच. स्टार नाहीत, संताप नाही, रोम नाही. इंटरनेटवर लोकांनी पहिल्यांदा भरपूर थट्टा केली, मग अँथनी बोर्डेनसारखा तिखट जिभेचा आचारी त्यांच्या बाजूने उभा राहिला आणि त्यांच्या लेखांचं पुस्तक निघालं. तो लेख वाचल्यावर तिथे गेलं तर काय समोर येईल हे अचूक कळतं. मला रिव्ह्यूकडून दुसरं काही नको असतं.

मी तसा लिहायला बसले, तर अ‍ॅपने अडवलं. स्टार दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शब्द मात्र एकही नसला तरी चालतो! हे ज्याने ठरवलं त्याला मी एकदा भेटू इच्छिते. शेवटी चार दिले. भाचीनेही चार दिले, आणि त्या मुलाचं नाव लिहिलं. मी लिहिलं ते असं: मार्गेरिता मधे ओली, तळ नीट, सुरी वापरावी. कार्बोनारा बिनक्रीमचा, चांगला. काचिओ ए पेपेचा सॉस फुटलेला, आम्ही दुपारी अगदी पहिले आलो होतो. तिरामिसूत कॉफी कमी. पार्किंगबद्दल माहीत नाही, चालत आलो.

दुसऱ्या दिवशी मालकाचं उत्तर आलं. तिरामिसूबद्दल अवाक्षर नाही. काचिओ ए पेपेबद्दल मात्र त्याने लिहिलं होतं, की दार उघडल्या उघडल्या पास्त्याच्या भांड्यातलं पाणी नवं असतं. त्यात पास्त्याची एक खेप उकळून झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, की मग ते दाट होत जातं. सुरुवातीला पाण्यात थोडा स्टार्च वेगळा घालायला हवा, तो त्या दिवशी राहिला. दीड-दोनच्या सुमाराला या.

भाचीला फोन करून ते वाचून दाखवलं.

"दोन वाजता?" ती म्हणाली. "तोपर्यंत मी उपाशी राहू शकत नाही. गार्लिक ब्रेड मागवायचा आधी, शेवटच्या पानावरचा. चालेल ना तुला?"

चालेल म्हटलं.